उसनी शस्त्रं

तक्रारीचं पत्र आलं तेव्हा आम्ही तिघं परीक्षक निकालावर सह्या करायच्या बेतात होतो. स्पर्धा अद्भुतकथांची. शेवटच्या फेरीत उरलेल्या दोन कथा सख्ख्या बहिणी वाटाव्यात अशा होत्या. दोन्हींत एक तरुण मुलगी राक्षसांशी लढते. दोन्हींत तिच्या अंगावर जन्मापासून एक नक्षी आहे आणि भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालून ती नक्षी लपवते. दोन्हींत आजी मरताना नातीच्या हातात कट्यार ठेवते. दोन्हींत एक देखणा मुलगा भेटतो आणि तो राक्षसांच्या बाजूचा निघतो. पत्र लिहिणारी ठाण्याची. आपण एका लेखनशिबिरात ही कथा वाचून दाखवली, दुसरी लेखिका तिथे पुढच्याच रांगेत बसली होती आणि तिनं कथा उचलली, असं तिचं म्हणणं. ‘शब्द बदललेत, बाकी सगळं माझं आहे’ या वाक्याखाली लाल शाईची रेघ होती.

चौकशी माझ्या गळ्यात पडली. उरलेल्या दोघांपैकी एकांच्या घरी लग्नाची गडबड होती आणि दुसऱ्यांचं राक्षस या विषयाशी मुळातच जमत नव्हतं.

दुसरी मुलगी सांगलीकडची. फोनवर आधी गप्प झाली. मग म्हणाली, “मॅडम, शिबिरात मी होते. पण त्यांची कथा ऐकताना मलाच वाटलं, माझी वही वाचली की काय यांनी! माझी निम्मी लिहून झाली होती.” नक्षी कुठून सुचली, असं विचारलं. ती जराशी हसली. “रूमीवरून.” मग ठाण्याला फोन लावला. तोच प्रश्न. तिकडेही आधी शांतता आणि मग तेच नाव.

रूमी कोण, हे घरात बारा-चौदा वर्षांची मुलगी असलेल्यांना सांगायला नको. २० जून २०२५ रोजी नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘केपॉप डीमन हंटर्स’ या अ‍ॅनिमेशनपटाची ती नायिका. मॅगी कँग आणि ख्रिस अ‍ॅपलहान्स हे दिग्दर्शक, निर्मिती सोनीची. रूमी, मीरा आणि झोई या तिघी लोकप्रिय कोरियन गायिका. स्टेजवर गातात आणि मधल्या वेळात राक्षस कापतात. त्यांच्या गाण्यानं माणसांच्या जगाभोवती एक कवच विणलं जातं, त्याचं नाव होनमून. गोष्टीतली मेख अशी, की रूमी स्वतः अर्धी राक्षस आहे. तिच्या कातडीवर राक्षसांसारखे पट्टे उमटत जातात आणि जिनं तिला वाढवलं त्या सेलीननं ते झाकायला शिकवलेलं असतं. दोन महिन्यांत हा नेटफ्लिक्सवरचा आजवरचा सर्वांत जास्त पाहिला गेलेला चित्रपट ठरला. त्यातलं ‘गोल्डन’ हे गाणं ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ठाणे आणि सांगली या दोन्ही ठिकाणी ते पोहोचलं, यात नवल काहीच नाही.

म्हणजे चौकशी पहिल्याच दिवशी संपायला हवी होती. दोघींनी एकाच विहिरीतून पाणी काढलं. घागरी सारख्या दिसणारच. पण मला त्या विहिरीचं कुतूहल वाटायला लागलं. रूमी तरी कोरी करकरीत आहे का?

चित्रपट दोनदा पाहिला. एकदा परीक्षक म्हणून, एकदा बिनकामाची. सुरुवातीलाच जुन्या काळातल्या शिकारी बायका दिसतात, त्या कोरियातल्या मुदांगच्या वळणावर काढल्या आहेत. मुदांग म्हणजे तिथल्या देवऋषी, बहुतेक बायकाच. गाणं, नाच आणि वाद्यं यांच्या जोरावर त्या गूत नावाचा विधी करतात, पीडा काढतात, मेलेल्यांशी बोलतात. तेव्हा गाऊन राक्षस पळवणाऱ्या मुली ही संगीत कंपनीच्या कचेरीत सुचलेली युक्ती नव्हे, ती कोरियातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. चित्रपटातला तो वेडगळ निळा वाघ आणि त्याच्याबरोबरचा पक्षी लोकचित्रांतल्या वाघ-मॅगपायच्या जोडीतून आले. विरुद्ध बाजूच्या पोरांच्या टोळीचं नाव साजा बॉइज. कोरियनमध्ये साजा म्हणजे सिंह आणि साजा म्हणजे दूतही. शेवटी ती पोरं काळे झगे आणि काळ्या टोप्या घालून उभी राहतात ते तिथल्या यमदूतांचं रूप. झोईच्या हातातले सुरे मुदांगच्याच विधीतले. चित्रपटातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुणाची तरी आहे. आणि तरीही तो पाहताना, हे आधी पाहिलंय, असं मला एकदाही वाटलं नाही.

एकदा वाटलं, ते पट्ट्यांपाशी. राक्षस मारणारीच्याच रक्तात राक्षस, हा धागा मी वीसेक वर्षांपूर्वी पाहिला होता.

‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ ही अमेरिकन मालिका मार्च १९९७मध्ये सुरू झाली, मे २००३मध्ये संपली. सात हंगाम, १४४ भाग. त्याआधी १९९२मध्ये याच नावाचा चित्रपट येऊन गेला होता. लेखक जॉस व्हेडन यांनी मूळ कल्पना अनेकदा सांगितली आहे. भयपटात एक सोनेरी केसांची मुलगी अंधाऱ्या गल्लीत शिरते आणि मरते. ती मेली नाही तर, तिनंच त्या राक्षसाला लोळवलं तर? एवढीच उलटापालट. बाकी माल जुनाच. रक्तपिपासू, लाकडी खुंटी, क्रूस, पवित्र पाणी, पुस्तकांत डोकं खुपसलेला इंग्रज गुरू. बफीचा पहिला प्रियकर एंजल हा स्वतः रक्तपिपासू, शापानं आत्मा परत मिळालेला. ठाणे-सांगलीच्या कथांतला देखणा मुलगा त्याच्याच वंशातला. पण मालिकेनं खरी पाचर शेवटच्या हंगामात मारली. बफीला कळतं, की जगातली पहिली शिकारी मुलगी देवानं निवडलेली नव्हती. तीन पुरुषांनी तिला साखळ्यांनी बांधलं आणि राक्षसाचं सत्त्व तिच्यात कोंबलं. तेच पुरुष बफीला आणखी बळ देऊ करतात आणि ती नाकारते. माझ्या मते या मालिकेची स्वतःची म्हणावी अशी गोष्ट हीच. शस्त्र कुणी दिलं आणि देताना मुलीला विचारलं होतं का, हा प्रश्न तिनं विचारला. सोनेरी केसांची उलटापालट ही मालिका विकायची ओळ झाली.

जपानचं नावही घ्यायला हवं, थोडक्यात. नाओको ताकेउची यांची ‘सेलर मून’ १९९१च्या अखेरीला मासिकातून सुरू झाली. जादूची मुलगी हा प्रकार तिकडे आधीपासून होता, रंगीबेरंगी पोशाखातल्या योद्ध्यांची टोळी हा टीव्हीवरचा प्रकारही होता. त्यांनी दोन्ही एकत्र कालवले. पुढच्या तीस वर्षांत त्याच्या किती नकला निघाल्या ते मोजायची सोय नाही.

आता कोर्टाचं सांगते. आपल्या ठाण्याच्या तक्रारीची अमेरिकन आवृत्ती फेब्रुवारी २०१६मध्ये टेनेसी राज्यातल्या संघीय न्यायालयात दाखल झाली होती. शेरिलिन केनियन यांची ‘डार्क हंटर’ ही कादंबरीमाला आधीची. कॅसांड्रा क्लेअर यांची ‘सिटी ऑफ बोन्स’ २००७ची. तीत क्लेअरी नावाची मुलगी राक्षस मारणाऱ्या ‘शॅडोहंटर्स’मध्ये सामील होते. केनियन यांचा दावा होता, की नावापासून कल्पनेपर्यंत बरंच काही आपलं आहे. माणसांना राक्षसांपासून वाचवणारी योद्ध्यांची जमात आपली आणि जादूचा पेला, तलवार, आरसा या वस्तूही दोन्हीकडे आहेत. काही महिन्यांनी कॉपीराइटचा मुद्दा त्यांनीच मागे घेतला, व्यापारचिन्हाचा वाद तेवढा उरला.

पेला, तलवार, आरसा! हे वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. पेला म्हणजे आर्थर राजाच्या कथांतला. तलवार आणि आरसा जपानच्या राजघराण्याच्या तीन पवित्र वस्तूंपैकी दोन. यांवर हक्क सांगायचा तर रांग बरीच लांब लागेल.

क्लेअर यांच्याबद्दल मात्र एक वेगळी गोष्टही सांगायला हवी. कादंबरीकार होण्याआधी त्या हॅरी पॉटरच्या पात्रांवर इंटरनेटवर कथा लिहीत. त्यांत पामेला डीन यांच्या कादंबरीतले उतारे आणि बफीसारख्या मालिकांतले संवाद सापडल्यावर २००१मध्ये एका मोठ्या संकेतस्थळानं त्यांचं लेखन काढून टाकलं. माझ्या लेखी या दोन प्रकरणांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पेला आणि तलवार घेणं हा धंद्याचा रिवाज. दुसऱ्याचं वाक्य घेणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरणं.

आपल्याकडचा कायदाही हेच सांगतो, आणि तो ज्या खटल्यातून आला तो ठाण्याच्या बाईंना फोनवर सांगितला तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. आर. जी. आनंद यांनी १९५३मध्ये ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक लिहिलं. पंजाबी आणि मद्रासी कुटुंबं, त्यांच्या मुलांचं प्रेम, प्रांतीय अहंकार. चित्रपट काढण्याच्या बोलण्यात त्यांनी ते मोहन सेहगल यांना वाचून दाखवलं. १९५६मध्ये सेहगल यांचा ‘न्यू दिल्ली’ आला. पंजाबी आणि मद्रासी कुटुंबं, त्यांच्या मुलांचं प्रेम, प्रांतीय अहंकार! आनंद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७८मध्ये हरले. कल्पना, विषय, कथासूत्र, इतिहास-पुराणातली हकिगत यांवर कुणाचीही मालकी नसते, असं न्यायालयानं सांगितलं. मालकी असते ती मांडणीवर. दोन्ही कृती पाहून सामान्य वाचक-प्रेक्षकाला ‘ही त्याचीच नक्कल’ असं स्वच्छ वाटलं पाहिजे. विषय एकच असून मांडणी वेगळी असेल तर चोरी नाही. चित्रपटात हुंडा आणि जातीचेही प्रश्न आले होते, ते नाटकात नव्हते.

“पण मी वाचून दाखवली होती,” ठाण्याच्या बाई म्हणाल्या.

“आनंदांनीही दाखवली होती,” मी म्हटलं.

कायद्याचं एवढं बास. कायदा चोर पकडतो. कथा चांगली की वाईट, हे त्याच्या कक्षेबाहेरचं आहे. आणि कधीकधी ज्याला कायद्यानं चोर ठरवलं त्यानंच सर्वांना पुरून उरेल असं काही निर्माण केलेलं असतं. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ १८९७ची. १९२२मध्ये मुर्नाव या जर्मन दिग्दर्शकानं परवानगी न घेता, नावं बदलून ‘नोस्फेरातू’ हा मूकपट काढला. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स कोर्टात गेली, जिंकली आणि १९२५मध्ये सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या. गंमत पुढे आहे. स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाउजेडी लंडनमध्ये हिंडतो. त्याची शक्ती कमी होते एवढंच. सूर्यकिरण पडताच रक्तपिपासू नाहीसा होतो, ही कल्पना ‘नोस्फेरातू’ची. बफीचे राक्षस उन्हात जळतात ते स्टोकरमुळे जळत नाहीत, जाळायला काढलेल्या त्या चित्रपटामुळे जळतात. आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ‘लोका’ या मल्याळी चित्रपटात बंगळुरूत रात्रपाळी करणारी, रक्तावर जगणारी चंद्रा उन्हाला जपते, तेव्हा केरळच्या यक्षीच्या अंगावरही त्याच जर्मन मूकपटाची सावली पडलेली असते.

‘लोका’बद्दल थोडं सांगायला हवं, कारण या सगळ्या प्रवासात मला तोच सर्वांत धीट वाटला. डॉमिनिक अरुण दिग्दर्शक, कल्याणी प्रियदर्शन नायिका. चंद्रा म्हणजे कळ्ळियंकाट्टु नीली, केरळच्या दंतकथांतली प्रसिद्ध यक्षी. वाटसरूंना भुलवून त्यांचं रक्त पिणारी. एका आख्यायिकेत कडमट्टत्तु कत्तनार हा मांत्रिक पाद्री तिला वश करतो. चित्रपटानं काय केलं, तर बाजू बदलली. जिला राक्षसी म्हणून गाडायचं होतं तीच रक्षण करायला उभी राहिली आणि पाद्री तिचा वाटाड्या झाला. रूमी अर्धी राक्षस, नीली पुरती. बफीच्या पूर्वज मुलीत तो जबरदस्तीनं कोंबलेला. प्रत्येकीच्या लेखकानं शस्त्रं इथून-तिथून गोळा केली. पण राक्षस कुठे ठेवायचा, दाराबाहेर, घरात की नायिकेच्या कातडीखाली, हे प्रत्येकानं स्वतः ठरवलं.

हे मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आणि स्वतःवर खूश झाले. ती खुशी आठवडाभर टिकली. मग नवरात्र आलं आणि मी बऱ्याच वर्षांनी सप्तशतीचा मराठी अर्थ सलग वाचायला घेतला.

मार्कंडेय पुराणातले तेरा अध्याय, सातशे मंत्र. अभ्यासक त्याचा काळ साधारण पाचवं-सहावं शतक धरतात. मथुरेच्या कुशाण काळातल्या शिल्पांत महिषाला दाबून धरणारी देवी त्याआधीच येऊन गेलेली, म्हणजे ग्रंथकारानंही गोष्ट उसनीच घेतली. दुसऱ्या अध्यायात देवांच्या तेजातून देवी प्रकट होते आणि मग शस्त्रांची यादी लागते. शंकराचा त्रिशूळ, विष्णूचं चक्र, वरुणाचा शंख आणि पाश, वायूचं धनुष्य, इंद्राचं वज्र आणि ऐरावताची घंटा, विश्वकर्म्याची कुऱ्हाड, हिमालयाचा सिंह. काळानं दिलेली तलवार आणि ढाल. कुबेरानं दिलेला मद्याचा पेला. पेला आणि तलवार, दोन्ही! केनियनबाईंच्या यादीतला फक्त आरसा तेवढा इथे नाही.

वणीच्या सप्तशृंगीच्या अठरा हातांत ही सगळी उसनवारी दगडात कोरलेली आहे. गडावर शेकडो वेळा गेलेल्या लोकांनाही २०२२मध्ये शेंदराचे थर उतरवल्यावर तिचं जे रूप दिसलं ते नवं वाटलं. मूळ रूप नवं वाटावं, यावर कुणीतरी वेगळा लेख लिहावा.

पण मला हादरा बसला तो दहाव्या अध्यायात. शुंभ आणि निशुंभ या राक्षसांपैकी निशुंभ मेलेला आहे. ब्रह्माणी, वैष्णवी, कौमारी, वाराही, ऐंद्री अशा देवांच्या शक्ती देवीच्या बाजूनं लढताहेत. आणि उरलेला एकटा शुंभ तिला टोमणा मारतो. तू कसला गर्व करतेस, दुसऱ्यांच्या बळावर तर लढते आहेस, असा त्याचा आशय. दीड हजार वर्षांपूर्वी राक्षसानं नायिकेवर वाङ्मयचौर्याचा आरोप ठेवलेला आहे! देवी त्यावर वाद घालत बसत नाही. या सगळ्या माझ्याच आहेत, माझ्यावाचून इथे दुसरं आहेच कोण, एवढं सांगते. त्या सगळ्या जणी तिच्यात विलीन होतात आणि ती एकटी लढायला उभी राहते.

मी दोन्ही कथा पुन्हा काढल्या. नक्षी काढून घेतली, कट्यार काढून घेतली, देखणा मुलगा काढून घेतला. पाहू, मुलगी एकटी उभी राहते का. ठाण्याची कथा तिथेच बसली. भाषा सफाईदार, लढाई झकास, पण शस्त्रं गेल्यावर नायिकेकडे सांगण्यासारखं काही उरेना. सांगलीची थोडी उभी राहिली. तिच्यातली मुलगी राक्षस मारून घरी येते तेव्हा आई तिला ताटावरून उठवते, कारण अंगाला नदीच्या गाळाचा वास येतोय. ते एक वाक्य कोरियातून आलेलं नव्हतं.

राक्षस मात्र दोन्हीकडे बिननावाचे होते. काळे, ओले, लाल डोळ्यांचे. हे मला फार खटकलं, कारण ज्या मुलखात या दोघी राहतात तिथे राक्षसांना नाव-गाव आहे, देऊळ आहे, नैवेद्य आहे. सह्याद्रीच्या उतारावर कुठल्याही शिवेवर शेंदूर फासलेला म्हसोबा भेटतो. दामोदर धर्मानंद कोसंबी बांधाबांधांनी हिंडले आणि ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२च्या पुस्तकात त्यांनी दाखवलं, की हा म्हसोबा म्हणजे महिषासुराचाच गाववाला. देवीनं ज्याला मारलं म्हणून पुराण सांगतं, तो धनगर-गवळ्यांचा राखणदार देव. पुरंदर तालुक्यातल्या वीरला तर माघी पौर्णिमेच्या यात्रेत म्हस्कोबाचं जोगेश्वरीशी थाटात लग्न लागतं. भाविक त्याला काळभैरवाचा अवतार मानतात आणि राक्षस म्हटलेलं त्यांना आवडणार नाही. त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवूनही कोसंबींचा तर्क डोक्यातून जात नाही. एका गावात देवी ज्याला मारते, दुसऱ्या गावात त्याच्याशीच संसार करते. कालिकापुराणात महिषासुर देवीकडे तिच्या पायाशी कायमची जागा मागतो आणि ती देते. वणीच्या गडाच्या पायथ्याशी महिषाचं मस्तक आहे, तिथे हात जोडून लोक पुढे जातात. एंजल आणि बफीची जोडी आपल्याकडे फार आधीपासून यात्रेला बसलेली आहे.

मराठी अद्भुतकथेनं या मालाकडे फारसं पाहिलं नाही, हे मी तक्रारीच्याच सुरात लिहिते. नारायण धारप हे या प्रांतातलं आपलं सर्वांत मोठं नाव, आणि त्यांच्या कथांतले समर्थ हे माझ्या पिढीचे गुरू. पण अंधाराशी लढायचं काम तिथे समर्थांचं. माझ्या वाचनातल्या मराठी भयकथांत बाई बहुधा झपाटली जाते; झपाटणाऱ्याच्या मागे लागत नाही. उसनवारीत मात्र धारप पटाईत होते. त्यांची ‘आजी’ ही कथा स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’वरून घेतलेली. राही बर्वे यांच्या २०१८च्या ‘तुंबाड’मागे तीच कथा आहे. तिथल्या हस्तर या राक्षसाचा माग काढत गेलात तर किंग, त्याआधी लव्हक्राफ्टची मंडळी, त्याआधी चेंबर्स आणि अगदी तळाशी अँब्रोज बिअर्सची १८९१ची एक छोटी कथा लागते. तीत हस्तूर हा मेंढपाळांचा दयाळू देव आहे. मेंढपाळांचा देव अमेरिकेतून निघाला, शंभरेक वर्षं राक्षस होत होत कोकणातल्या वाड्याच्या तळघरात पोहोचला. इकडे आपल्या मेंढपाळांचा म्हसोबा शिवेवर बसून हे सगळं पाहत असावा.

‘तुंबाड’ मला मनापासून आवडतो. तो उसना आहे हे कळल्यावर जास्तच. त्या तळघरातला ओलावा, पिठाच्या बाहुल्या आणि लंगोटाला टांगलेली नाणी यांतलं काहीही किंगच्या गावात मिळालं नसतं. किंगला मात्र यातलं काही ठाऊक आहे का, असा विचार मनात येतोच. आणि हा उसनवारीतला शेवटचा, सर्वांत दुर्लक्षित भाग. उसनं आणलंस, चांगलं वापरलंस, आता सांगशील का, कुठून आणलंस ते?

याचं उत्तर मला कोल्हापुरात मिळालं, तेही गर्दीत पायावर पाय पडत असताना. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी शहराबाहेर त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते. लोक तिला टेंबलाई म्हणतात. कथा अशी, की कोल्हासुर मेला. मरताना या क्षेत्राला आपलं नाव राहावं असं त्यानं मागितलं म्हणून कोल्हापूर. पुढे त्याच्या मुलानं, कामाक्षानं, योगदंडाच्या जोरावर सगळ्या देवांना बकरे करून टाकलं. त्र्यंबोलीनं तो दंड हिसकावून त्यांना सोडवलं. आणि मग विजयोत्सवात तिलाच बोलवायला सगळे विसरले. ती रुसली, शहराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. तेव्हापासून अंबाबाई स्वतः दरवर्षी तिच्या दारी जाते. तिथे एक कुमारिका राक्षसाच्या नावानं ठेवलेला कोहळा फोडते आणि त्याच्या तुकड्यांसाठी झुंबड उडते. मी पाहिलं तेव्हा मुलगी आठ-नऊ वर्षांची असावी. नाकात नथ, हातात तिच्याएवढा त्रिशूळ, आणि चेहरा शाळेत पाढे म्हणायला उभं केल्यासारखा. त्रिशूळ उसना, साडी बहुधा आईची, लढाई हजार वर्षांची. कोहळा मात्र तिनं एका घावात फोडला.

अंबाबाईसारखी अंबाबाई श्रेय द्यायला टेकडी चढून जाते. स्पर्धेच्या नियमावलीत कथा स्वतंत्र असावी एवढंच लिहिलेलं असतं आणि त्याखाली सही घेतली जाते. स्वतंत्र म्हणजे काय, हे आयोजकांना विचारलं तर ते म्हणाले, “अनुवादित नसावी.”

निकाल असा लागला. तक्रार फेटाळली, चोरीचा पुरावा नाही, एकही वाक्य समान नाही. दोन्ही कथांना बक्षीस नाही. नियमावलीत पुढच्या वर्षीपासून एक ओळ वाढवायची, हे मी जरा भांडून मान्य करून घेतलं: कथेसाठी चित्रपट, पुस्तक, पुराण, गावकथा यांतून काही घेतलं असल्यास कथेखाली नोंदवावं, त्यानं गुण कमी होणार नाहीत. माझ्या सहपरीक्षकांना वाटतं, कुणी नोंदवणार नाही. बघू.

ठाण्याच्या बाई अजून रागावलेल्या आहेत. सांगलीच्या मुलीचं पंधरा दिवसांनी पत्र आलं. कथा पुन्हा लिहितेय, म्हणाली. लांब बाह्या काढून टाकल्या, मुलगाही काढला. राक्षस आता तिच्या आजोळच्या शिवेवरचा म्हसोबा आहे, आणि नायिकेला त्याला मारायचं आहे की त्याच्याशी बोलायचं आहे, हे अजून ठरत नाही. शेवटी विचारलं होतं, ‘मॅडम, देव गावाचा आहे, गोष्ट आजीनं सांगितलेली. वापरायला परवानगी कुणाची घ्यावी लागेल?’

मी उलट टपाली कळवलं, कायद्यानं कुणाचीच नाही. तरी लिहायला बसण्याआधी एकदा नारळ घेऊन शिवेवर जाऊन ये, आणि आजी असेल तर तिलाही बरोबर ने.